शूटिंग सुरू झालं आणि दिग्दर्शक निघून गेला: म्हणजे नक्की काय झालं?

परवा रविवारी सकाळी भाचा आणि त्याचे तीन मित्र मिसळ पार्सल घेऊन गंगापूर रोडच्या आमच्या घरी टपकले. पाव संपले, रस्सा दोनदा गरम झाला, तरी पोरांचं भांडण काही मिटेना. आदल्या रात्री चौघांनी मिळून ‘फास्ट अँड फ्युरिअस’चा दहावा भाग पुन्हा पाहिला होता. एकाचं म्हणणं, जस्टिन लिन दिग्दर्शक राहिला असता तर या भागाची अशी खिचडी झालीच नसती. दुसरा म्हणाला, हिरोनेच, व्हिन डिझेलनेच त्याला हाकलला, अजून काय. तिसऱ्याच्या मते लिनच पळपुटा, चालू शूटिंगमधून कुणी जातं का! आणि भाचा तावातावाने मला विचारत होता, “मावशी, ज्याने पाच भाग केले त्याला काढूच कसं शकतात? फ्रँचायझी त्याचीच आहे ना?”

या शेवटच्या प्रश्नातच सगळी मेख आहे. म्हणून म्हटलं, सुरुवातीपासून सांगते.

आधी, झालं काय होतं

फ्रँचायझी म्हणजे एकाच नावाखाली, त्याच पात्रांना घेऊन, भागांमागून भाग निघत राहणारी चित्रपटमालिका. ‘फास्ट’ची सुरुवात २००१ मध्ये झाली. पहिला भाग रॉब कोहेनचा, दुसरा जॉन सिंगलटनचा. तिसऱ्या भागापासून, म्हणजे २००६ पासून, जस्टिन लिन आला आणि त्याने सलग चार भाग केले: तिसरा, चौथा, पाचवा, सहावा. सातवा जेम्स वानने केला, आठवा एफ. गॅरी ग्रेने. नवव्याला लिन परत आला. दहावाही तोच करणार होता. त्याची पटकथाही त्याने डॅन मझोबरोबर लिहिली होती.

२०२२च्या एप्रिलमध्ये, विसाव्या तारखेच्या सुमारास, शूटिंग सुरू झालं. २६ एप्रिलला लिनने जाहीर केलं की आपण दिग्दर्शनातून बाजूला होतोय, निर्माता म्हणून मात्र राहू. निवेदनाची भाषा गोड होती, कारण दिलेलं नव्हतं. मुख्य शूटिंग थांबलं. आठवडाभरातच फ्रेंच दिग्दर्शक लुई लेटेरिए याचं नाव पुढे आलं. सिनेमा १९ मे २०२३ला अमेरिकेत प्रदर्शित झाला. ही तारीख लिन जाण्याच्या कितीतरी आधी ठरलेली होती, आणि तो गेल्यावरही ती एक दिवससुद्धा हलली नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रस्सा कुणाचा?

नाशिकमध्ये हे समजावणं सोपं आहे. आपल्याकडे एखाद्या मिसळीच्या नावाला लोक रांग लावतात. रस्सा करणारा आचारी वेगळा असतो, गल्ल्यावर बसणारा मालक वेगळा. पाटी मालकाची, जागा मालकाची, मसाल्याचं प्रमाण कागदावर असलंच तर तो कागदही मालकाच्या कपाटात. आचारी सोडून गेला तर पाटी उतरवतात का? नाही. नवा आचारी येतो, पहिल्या आठवड्यात जुनी गिऱ्हाइकं तोंड वाकडं करतात, आणि रविवारी रांग लागते ती लागतेच.

हॉलिवूडच्या स्टुडिओ चित्रपटात दिग्दर्शक कायद्याने आचाऱ्याच्याच जागी आहे. त्याने केलेलं काम ‘मोबदला देऊन करवून घेतलेलं काम’ धरलं जातं आणि त्याची मालकी स्टुडिओकडे जाते. ‘फास्ट’ युनिव्हर्सल या स्टुडिओची आहे. लिनने पाच भाग केले म्हणून सातबाऱ्यावर त्याचं नाव चढत नाही.

“हे अमेरिकेत असेल,” असं एक जण म्हणालाच. आपल्याकडेही तसंच आहे बाबा. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणून निर्मात्यालाच धरलंय. २०१२ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि लेखक, गीतकार, संगीतकार यांना मानधनापलीकडे रॉयल्टीचा हक्क मिळाला. मूळ विधेयकात मुख्य दिग्दर्शकालाही निर्मात्याच्या जोडीने कर्ता मानावं असा प्रस्ताव होता. तो शेवटी वगळला गेला. म्हणजे आपण पोस्टरवर ज्याचं नाव पाहून तिकीट काढतो, तो आपल्या कायद्याच्या नजरेत त्या चित्रपटाचा कर्ता नाही. फ्रान्समध्ये उलटं आहे. तिथे दिग्दर्शक चित्रपटाच्या कर्त्यांपैकी एक मानला जातो, आणि दिग्दर्शक-निर्माता यांचं एकमत झाल्याशिवाय चित्रपटाचं अंतिम रूप ठरत नाही. लेटेरिए फ्रेंच आहे, हा योगायोग मला गमतीचा वाटतो. स्वतःच्या देशात ज्याला हा मान मिळाला असता, तो लॉस एंजेलिसच्या हाकेला ओ देऊन दुसऱ्याच्या कढईत झारा फिरवायला गेला.

मग दिग्दर्शक करतो तरी काय?

मालक नसला तरी तो बिनमहत्त्वाचा नाही. रस्सा त्याच्याच हाताला येतो. अॅक्शन फ्रँचायझीत मात्र त्याच्या हातांची संख्या आपल्याला वाटते त्याहून बरीच मोठी असते. गाड्या उडतात, पूल कोसळतात, गल्लीतून पाठलाग होतो, त्यातला पुष्कळ भाग ‘सेकंड युनिट’ चित्रित करतं. सेकंड युनिट म्हणजे मुख्य कलाकारांशिवायची दृश्यं, स्टंट, गाड्यांचे पाठलाग वगैरे घेणारी दुसरी फौज. तिचा दिग्दर्शक वेगळा, कॅमेरे वेगळे. लिन गेला त्या आठवड्यात मुख्य शूटिंग थांबलं तरी ही दुसरी फौज काम करत राहिली, अशा बातम्या तेव्हाच आल्या होत्या.

ती काम करू शकली, कारण काय करायचं ते महिनोन्‌महिने आधी ठरलेलं होतं. कुठली गाडी कुठल्या वळणावर उलटेल, कॅमेरा कुठे असेल, उरलेलं काय संगणकावर बनेल, हे सगळं कच्च्या अॅनिमेशनच्या रूपात आधीच तयार असतं. रोम आणि लिस्बनसारख्या शहरांत रस्ते बंद करण्याच्या परवानग्या काल मागून आज मिळत नाहीत. कुंभमेळ्याचा बंदोबस्त पाहिलेल्या नाशिककराला हे वेगळं सांगायला नको. शाहीस्नानाच्या दिवशी आपण पाहतो ती गर्दी. बॅरिकेडची आखणी केव्हाची झालेली असते.

थोडक्यात, शूटिंगच्या पहिल्या दिवशी दिग्दर्शकाचं बरंचसं काम आधीच होऊन गेलेलं असतं. उरलेलं कामही लहान नाही. कलाकारांकडून काम काढून घेणं, सेटवर रोज उभ्या राहणाऱ्या शंभर प्रश्नांना ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणं, आणि शेवटी संकलन.

का गेला ते नंतर. गेला कधी ते आधी विचारा

पोरं ‘का’वर भांडत होती. माझ्या मते अशा बातमीत आधी बघायची गोष्ट म्हणजे ‘केव्हा’. ‘का’चं खरं उत्तर खोलीत बसलेल्या चार-पाच माणसांकडे असतं. ‘केव्हा’ मात्र सगळ्या जगाला दिसतं, आणि पडद्यावर काय येणार हे बव्हंशी त्यावरच ठरतं.

माझा दीर निफाडकडे द्राक्षं पिकवतो. बागेची छाटणी वर्षातून दोनदा होते, हे इथल्या पोरासोरांना ठाऊक असतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी. फळ येतं ते गोडी छाटणीनंतर. पण त्या फळाचा घड काडीवरच्या डोळ्यात बसतो तो एप्रिलच्या छाटणीनंतरच्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांत. डोळ्यांनी काही दिसत नाही, नुसती हिरवी वाढ दिसते. त्या काळात ऊन कमी पडलं, काडी नीट पोसली गेली नाही, तर ऑक्टोबरनंतर कितीही खतं घाला, घड जिरतात. उलट काडी चांगली बनलेली असेल तर गोडी छाटणीच्या वेळी बागेचा सल्लागार बदलला तरी घड निघतात. नवा माणूस त्यांची विरळणी करेल, आकार देईल, गोडी उतरवेल. नसलेला घड तो काढू शकत नाही, आणि बसलेला घड सहसा घालवतही नाही.

आता एकेक प्रकरण या मापाने मोजू.

दिग्दर्शक पटकथेच्या टप्प्यावर गेला, तर काडी धरायच्या आधीच माणूस बदलला. बाँडपटांच्या पंचविसाव्या भागातून डॅनी बॉयल ऑगस्ट २०१८ मध्ये बाहेर पडला, कॅरी फुकुनागा आला. बॉयलच्या वेळची पटकथा बाजूला गेली, सिनेमा दुसराच झाला. प्रदर्शनाची तारीख तेवढी पुढे ढकलावी लागली. (पुढे करोनामुळे ती आणखी लांबली, ते वेगळं.) अशा वेळी ‘बॉयलचा बाँड कसा असता’ यावर वाद घालायला हरकत नाही. त्याचा एकही घड या बागेत नाही, एवढं ध्यानात ठेवून घाला.

शूटिंगच्या तोंडावर गेला, तर गोष्ट बदलते. ‘अँट-मॅन’वर एडगर राइट वर्षानुवर्षं काम करत होता. मे २०१४ मध्ये, शूटिंगला थोडा अवधी उरला असताना, तो बाहेर पडला आणि पेटन रीड आला. पडद्यावर कथा आणि पटकथा यांच्या श्रेयात राइटचं नाव राहिलं. सिनेमा पाहताना काही प्रसंगांत राइटची चाल जाणवते, असं त्याचे चाहते म्हणतात. मला ते पटतं. काडी त्याची होती.

शूटिंग अर्ध्याच्या पुढे गेल्यावर गेला, तर खरी पंचाईत. ‘स्टार वॉर्स’मधल्या ‘सोलो’चे दिग्दर्शक फिल लॉर्ड आणि ख्रिस मिलर यांना जून २०१७ मध्ये, शूटिंगचे थोडेच आठवडे बाकी असताना, काढलं गेलं. रॉन हॉवर्ड आला आणि त्याने बराचसा भाग पुन्हा चित्रित केला. पिकलेली बाग अर्धी उपटून पुन्हा लावायची! खर्च काय होईल याचा अंदाज करा.

लिनचं प्रकरण दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराच्या मधलं. पटकथेत तो, कलाकार निवडीत तो, पाठलागांच्या आखणीत तो. एप्रिलच्या छाटणीनंतरची सगळी काळजी त्याची. ऑक्टोबरला माणूस बदलला. म्हणून दहावा भाग ‘लिनचा नाहीच’ म्हणणारा भाच्याचा मित्र चुकतो, आणि ‘लिनचाच, फक्त नाव दुसऱ्याचं’ म्हणणारा भाचाही चुकतो. खलनायकाची ती नाचरी, चेकाळलेली लय किंवा हाणामाऱ्यांची लांबी ही सेटवर आणि संकलनाच्या टेबलावर ठरणारी कामं आहेत. तिथे लेटेरिए होता.

चार दिवस थांबले असते तर काय बिघडलं असतं?

लग्नाचा मुहूर्त धरला, हॉल घेतला, पत्रिका वाटल्या आणि मग केटररशी वाजलं, तर आपण मुहूर्त हलवत नाही. केटरर हलवतो. मोठ्या सिनेमांची प्रदर्शनाची तारीख हा असाच मुहूर्त असतो. पडदे अडवलेले असतात, जाहिरातीचे करार झालेले असतात, दुसऱ्या स्टुडिओंनी आपापल्या तारखा त्या हिशेबाने सरकवलेल्या असतात. आधी तारीख ठरते, तिच्यात बसेल असा सिनेमा नंतर बनवतात. हे ऐकून पोरांना वाईट वाटलं. मलाही वाटतं, पण आहे ते असं आहे.

शिवाय थांबलेलं शूटिंग काही फुकट थांबत नाही. दहाव्या भागाच्या खोळंब्याचा खर्च दिवसाला ६ लाख ते १० लाख डॉलर असल्याचं तेव्हा सिनेव्यवसायाच्या बातम्यांत आलं होतं. त्या वेळच्या दराने दिवसाला साडेचार ते साडेसात कोटी रुपये. लोक हॉटेलात बसलेत, भाड्याच्या गाड्या उभ्या आहेत, उजाडलं की मीटर पळतंय. अशा वेळी स्टुडिओ ‘सर्वांत योग्य दिग्दर्शक कोण’ असा प्रश्न विचारत नाही. ‘सोमवारपर्यंत कोण येऊ शकेल, आणि घाबरणार नाही’ असा विचारतो. लेटेरिएने याआधी ‘ट्रान्सपोर्टर’, ‘इन्क्रेडिबल हल्क’ असे गाड्या-मारामाऱ्यांचे सिनेमे केलेले होते. म्हणून तो.

“मग हिरोनेच का नाही केलं दिग्दर्शन?” हा प्रश्न चांगला होता. त्याला अमेरिकेतल्या दिग्दर्शकांच्या संघटनेचा एक नियम आडवा येतो. १९७६च्या ‘दि आउटलॉ जोसी वेल्स’ या सिनेमाचं शूटिंग चालू असताना दिग्दर्शक फिलिप कॉफमनला काढून नायक क्लिंट ईस्टवूडने सूत्रं स्वतःच्या हातात घेतली. त्यावर संघटना खवळली आणि नियम झाला: त्या सिनेमावर आधीपासून काम करणाऱ्या कुणाही नटाला वा तंत्रज्ञाला, काढलेल्या दिग्दर्शकाच्या जागी बसता येणार नाही. आजही तो ‘ईस्टवूड नियम’ म्हणूनच ओळखला जातो. हेतू सरळ आहे. खुर्ची हवी असलेल्याने खुर्चीवरच्याला खाली खेचू नये.

‘सर्जनशील मतभेद’ या दोन शब्दांत काय काय मावतं

अशा बातम्यांत हे दोन शब्द हमखास येतात. आपल्याकडे राजीनाम्यात ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहितात ना, तसेच. खोटे नसतात, पण कशालाही लागू पडतात. पटकथा रोज बदलली जातेय, हाही सर्जनशील मतभेद. नट सेटवर वेळेवर येत नाही, तोही. दृश्य महाग पडतंय म्हणून कापा असं निर्माता म्हणतो, तोही.

शब्द इतके गुळगुळीत ठेवण्यात दोघांचाही फायदा असतो. बड्या दिग्दर्शकांच्या करारात बहुधा असं कलम असतं की स्टुडिओने काढलं तरी ठरलेले पैसे द्यावे लागतील. कुणी काढलं आणि कोण गेलं यावर कोट्यवधींचा हिशेब ठरतो. मग दोन्हीकडचे वकील बसून असं वाक्य तयार करतात की ज्यातून काहीच सिद्ध होणार नाही. आणि सिनेमा अजून विकायचा असतो, ते आहेच.

‘हिरोने हाकलला’ या आरोपाचं काय? व्हिन डिझेल हा या मालिकेचा नायक आहे तसा निर्माताही आहे. यातून जो पेच होतो तो मला ‘कोण चांगला, कोण वाईट’पेक्षा जास्त बोलका वाटतो. कॅमेऱ्यासमोर उभा असताना तो दिग्दर्शकाचं ऐकणारा नट. ‘कट’ म्हटल्यावर, दोन पावलं बाजूला येऊन, तोच दिग्दर्शकाचा वरिष्ठ. घरात जावई आणि दुकानात शेठ एकच असला की सासऱ्याची जी अवस्था होईल ती इथे दिग्दर्शकाची. अशा रचनेत भांडायला माणसं वाईट असावी लागत नाहीत.

त्यात बहुतेक दिग्दर्शकांकडे ‘फायनल कट’ नसतो. फायनल कट म्हणजे सिनेमाचं शेवटचं संकलन कसं असावं हे ठरवण्याचा अधिकार. संघटनेच्या नियमांनी दिग्दर्शकाला आपल्या मनासारखं संकलन करून दाखवायला साधारण १० आठवडे मिळतात. त्यानंतर स्टुडिओ त्यात हवे ते बदल करू शकतो. शेवटी आपलं चालणार नाही हे ज्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, तो पाचव्या दिवशी उठून गेला तर मला त्याचं फार आश्चर्य वाटत नाही. भाच्याच्या मित्राने त्याला पळपुटा म्हटलं ते म्हणूनच मला खटकलं.

श्रेय घ्यायला कुणीच तयार नसल्याचंही एक प्रकरण आहे. १९६९च्या ‘डेथ ऑफ अ गनफायटर’मध्ये नायक रिचर्ड विडमार्कचं दिग्दर्शक रॉबर्ट टॉटनशी पटेना. डॉन सीगलने येऊन सिनेमा पुरा केला. सीगल म्हणाला माझं नाव नको, टॉटन म्हणाला माझंही नको. शेवटी संघटनेने ‘अॅलन स्मिथी’ असं एक बनावट नाव तयार केलं. गंमत म्हणजे काही समीक्षकांना या स्मिथीचं दिग्दर्शन आवडलं! पुढे तीस वर्षं, आपल्याच सिनेमाची लाज वाटणारे दिग्दर्शक हे नाव वापरत राहिले.

पण दिग्दर्शक बदलला की सिनेमा पडतोच ना?

आकडे काय म्हणतात पाहा. ‘सोलो’ आपटला, खरं. पण ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’तून ब्रायन सिंगरला डिसेंबर २०१७ मध्ये, शूटिंग संपत आलेलं असताना, काढलं आणि उरलेलं काम डेक्स्टर फ्लेचरने केलं. त्या सिनेमाने जगभरात ९० कोटी डॉलरहून जास्त कमावले आणि चार ऑस्कर मिळवली. त्यातलं एक संकलनासाठी, म्हणजे दोन दिग्दर्शकांचे तुकडे ज्या टेबलावर शिवले गेले त्या टेबलासाठी.

‘फास्ट’चेच आकडे घ्या. या मालिकेतले सर्वांत जास्त कमावणारे भाग कुठले? सातवा, दीडशे कोटी डॉलर. आठवा, एकशेवीस कोटींच्या वर. यातला एकही लिनचा नाही. सातव्याला मालिकेतला दुसरा नायक पॉल वॉकर याच्या अपघाती मृत्यूची हळहळ होती, हे मान्य. लिनच्या नवव्या भागाने ७२ कोटींच्या आसपास कमावले, लेटेरिएच्या दहाव्याने ७० कोटींच्या. नवव्याला करोनाचा फटका बसला होता, दहाव्याला तसा बसलेला नव्हता. दहाव्याचा निर्मितीखर्चच ३४ कोटी डॉलरच्या घरात गेल्याच्या बातम्या होत्या, आणि तिकिटाच्या पैशातला साधारण अर्धा भाग थिएटरवाल्यांकडे राहतो. पुढचा हिशेब पोरांनी मोबाइलवर केला आणि गप्प झाली.

यावर भाच्याने एक मुद्दा काढला, तो बिनतोड होता. म्हणाला, “पण सातव्याला गर्दी झाली ती पाचव्याने केली ना?” बरोबर. पाचव्या भागात लिनने रस्त्यावरच्या शर्यतींची ही मालिका दरोड्याच्या थरारपटाकडे वळवली आणि मागच्या भागांतली विखुरलेली पात्रं एका टोळीत आणली. पुढच्यांनी जे पीक काढलं त्याची काडी त्याची. कमाईच्या तक्त्यात ही नोंद कुठेच दिसत नाही.

आपल्याकडे एवढा गाजावाजा का होत नाही?

आपल्याकडेही दिग्दर्शक बदलतात, फक्त दोन भागांच्या मधे, गुपचूप. ‘धूम’चे पहिले दोन भाग संजय गढवीचे. २०१३चा तिसरा विजय कृष्ण आचार्यचा, ज्याने आधीचे दोन लिहिले होते. ‘टायगर’चे तीन भाग तीन दिग्दर्शकांनी केले: कबीर खान, अली अब्बास जफर, मनीष शर्मा. आपला प्रेक्षक सलमानला पाहायला जातो, आचारी कोण ते विचारत नाही. ‘रेस’ अब्बास-मस्तानकडून रेमो डिसूझाकडे गेली तेव्हा मात्र लोकांना फरक कळला. तिसरा भाग पाहिलेला माणूस अजून माझ्याशी त्यावर धड बोलत नाही.

आणि चाहत्यांनी ओरडून काय होणार?

कधीकधी होतं. ‘जस्टिस लीग’ झॅक स्नायडरने चित्रित केला होता. घरातल्या दुःखद घटनेमुळे तो २०१७ मध्ये बाजूला झाला आणि जॉस व्हेडनने तो बराच बदलून पुरा केला. चाहत्यांनी तीन वर्षं पिच्छा पुरवला. २०२१च्या मार्चमध्ये स्नायडरची चार तासांची आवृत्ती खरोखर प्रदर्शित झाली. पोरांना हे माहीत होतं. त्यांना वाटत होतं, चाहत्यांनी दिग्दर्शकाला परत आणायची ही जगातली पहिलीच वेळ.

म्हटलं, थांबा. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी ज्यांचं स्मारक आहे, त्यांची गोष्ट शाळेत अर्धीच सांगतात.

त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये पहिला सिनेमा काढला आणि मग बिऱ्हाड नाशिकला हलवलं. १९१८ मध्ये मुंबईच्या भांडवलदारांना भागीदार करून इथेच हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. ‘श्रीकृष्णजन्म’ झाला, ‘कालियामर्दन’ झाला, त्यात बाळकृष्ण झाली ती फाळक्यांचीच मुलगी मंदाकिनी. सिनेमे चालले. पण पैसा घालणाऱ्यांना हिशेब हवा होता आणि फाळक्यांना हवी तशी मोकळीक. भागीदारीचा करार आडवा होता, तरी शेवटी ते उठले आणि कुटुंब घेऊन काशीला निघून गेले. हेच ते सर्जनशील मतभेद, फक्त तेव्हा कुणी तसं म्हणत नव्हतं.

काशीत त्यांनी ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहिलं. नाशिकची कंपनी त्यांच्याशिवाय सिनेमे काढत राहिली, कारण पाटी कंपनीची होती. इकडे ‘संदेश’चे संपादक अच्युतराव कोल्हटकर यांनी फाळक्यांना पत्र धाडलं, परत या म्हणून. उलट टपाली फाळक्यांनी कळवलं की सिनेमापुरता मी मेलो आहे. कोल्हटकर मोठे वस्ताद संपादक. त्यांनी फाळके मेल्याचा मथळा देऊन ते उत्तरच छापून टाकलं. वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला. कोल्हटकरांनी ती पत्रंही छापली आणि ते अंक काशीला फाळक्यांकडे पाठवून दिले.

१९२२ मध्ये फाळके नाशिकला, त्याच कंपनीत, परत आले.

“म्हणजे चाहत्यांनी आणलं?” भाच्याने डोळे मोठे केले. पत्रांनीही आणलं असेल आणि रंगभूमीवर मन रमलं नाही म्हणूनही आले असतील. त्याचा पुढचा प्रश्न अगदी चाहत्याला शोभेल असा होता: ते नव्हते तेव्हा कंपनीने जे सिनेमे काढले, ते फाळक्यांच्या सिनेमांपेक्षा चांगले की वाईट? त्या कंपनीची बहुतेक रिळं आज उरलेलीच नाहीत, असं मी सांगितलं तेव्हा चौघांचेही चेहरे पडले. भांडायला एवढा चांगला विषय, आणि पुरावाच शिल्लक नाही.